गारगोटीतला उजेड



मजूर चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो मजुरी, महागाई नाहीतर संप यांवरच बोलणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. चालकांचीही ती होती. ‘सच्छिद्र सिलिकॉन आणि प्रकाशाचे अरेषीय खेळ’ असा विषय मी कळवला, तेव्हा त्यांनी मला विचारले, “भाऊ, हे पत्र आमच्याच व्याख्यानमालेसाठी होते ना?” मी म्हटले, होय, तुमच्याचसाठी. मग विषयाचे नाव जरा सोपे करावे असे ठरले, आणि ‘गारगोटीतला उजेड’ हे नाव पडले.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा सातवीनंतर सुटली. सोळाव्या वर्षी गिट्टीच्या खदानीवर घण हाती घेतला, दोन वर्षे गोटा फोडला, आणि पुढे संघटनेच्या कामाला लागलो तो आजपर्यंत. जे काही वाचले ते वाचनालयातून आणि सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणून, कंदिलापाशी आणि पुढे विजेच्या दिव्याखाली वाचले. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई नसेल. पण जे मला समजलेले नाही ते आपणास सांगणार नाही, एवढे वचन देतो.

या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका क्रशरवर काम करणारा आमचा एक सभासद खोकून खोकून वाळत चालला होता. छातीचा फोटो काढला, त्यावर पांढरे ठिपके दिसले. क्षय आहे असे सांगण्यात आले. क्षयाची औषधे त्याने नेमाने घेतली, एकदा संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. गुण आला नाही आणि तो गेला. तेराव्यानंतर त्याची बायको माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, क्षय होता तर औषधानं काऊन नाही गेला? आन् क्षय नव्हता, तर त्याच्या छातीत होतं काय?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेट-सभेत दोन तास बोलू शकणारा मी, त्या बाईसमोर मुकाट्याने बसलो. मग उत्तर शोधावयास निघालो. पहिला शब्द सापडला तो ‘सिलिका’. म्हणजे आपली गारगोटी, आणि गोट्यागोट्यांत मिसळलेले तिचे अंश. घणाखाली आणि क्रशरच्या जबड्यात त्याचा इतका बारीक भुगा होतो की त्याचा कण आपल्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही लहान असतो. तो नाकात अडत नाही, घशात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. शरीरातल्या रखवालदार पेशी त्याला गिळतात आणि त्या स्वतःच मरतात. तेथे व्रण पडतो, व्रणाची गाठ होते. फोटोवरचे ठिपके म्हणजे या गाठी. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो क्षय नव्हे. मात्र तो झालेल्याला क्षयही लवकर धरतो, त्यामुळे घोटाळा होतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात, कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत त्याचे नाव घातलेले होते. म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या नवऱ्याच्या जन्माआधीच छापलेले होते. ते आमच्यापर्यंत पोचले नव्हते, इतकेच.

सिलिका वाचता वाचता सिलिकॉन हा शब्द आला, आणि सिलिकॉन वाचता वाचता प्रकाश आला. ज्या पदार्थाने माझा माणूस नेला, तोच पदार्थ प्रयोगशाळेत काय काय करून दाखवतो हे वाचून मी प्रथम चिडलो, मग थक्क झालो. आज ते आपणासमोर मांडतो.

आरंभ आपल्या अंगणातून करू. दसऱ्याला सोने लुटून परतताना नीलकंठ दिसला तर वर्ष चांगले जाते, असे आपले वाडवडील मानत. पऱ्हाटीच्या शेतातल्या तारेवर तो बसलेला असतो, तेव्हा मळकट दिसतो. उडाला की पंखांतला निळा रंग झळकतो. आता मी विचारतो, हा निळा रंग कोणत्या रंगाऱ्याने कालवला? गंमत अशी की त्या पिसात निळा रंग नाहीच. असे निळे पीस खलबत्त्यात कुटले तर निळी पूड मिळत नाही. निळेपणाच नाहीसा होतो. हळद कुटली तर पिवळी पूड मिळते, कारण हळदीत रंगद्रव्य आहे. पिसाचे निळेपण त्याच्या घडणीत आहे. घडण मोडली की रंगही मोडला.

आपल्याकडे कोष्टी बांधव धूपछांव लुगडे विणतात. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलवला की रंग पालटतो. पण तेथे दोन रंगांचे दोन धागे खरोखरच असतात. मोराच्या पिसात तसेही नाही. तेथे काळसर द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या विटांच्या रचनेप्रमाणे ओळीने मांडलेल्या असतात. दोन कांड्यांतले अंतर १४० ते १६५ नॅनोमीटरच्या आसपास; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अंतर कमी तेथे निळा, जरा जास्त तेथे हिरवा, आणखी जास्त तेथे पिवळा. द्रव्य तेच, अंतर तेवढे निराळे. नीलकंठाच्या पिसात ओळी इतक्या नीट नसतात. तेथे स्पंजासारखे, हवेच्या बारीक पोकळ्यांनी भरलेले जाळे असते. ‘सच्छिद्र’ हा शब्द येथेच लक्षात ठेवावा.

या नीलकंठाच्या रंगावर १९३४ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधनिबंध लिहिला. शिंपल्यांचे आणि ओपल रत्नाचे रंगही त्यांनी पुढे तपासले. रामन यांचे नाव आपण शाळेत वाचले आहे. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन त्यांच्याच १९२८ च्या शोधाचा, आणि १९३० चे नोबेल पारितोषिकही त्याचेच. पण हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल की हे रामन १९१० साली नागपुरात सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते, आणि १९११ साली बढतीवर कलकत्त्यास गेले. दिवसा सरकारी खतावणी आणि उरल्या वेळात विज्ञान, असा त्यांचा त्या वर्षांतला क्रम होता. कामावरून दमून आलेला माणूस विचार करू शकत नाही असे जे म्हणतात, त्यांना मी हे उदाहरण सांगत असतो.

आता अंतराने रंग कसा ठरतो ते पाहू. आंभोऱ्याला वैनगंगेचे गोसीखुर्दच्या धरणामुळे फुगलेले पाणी आपण पाहिले आहे. शांत पाण्यात दोन खडे टाका. दोन्हींची वर्तुळे पसरत येऊन भेटतात. उंचवट्यावर उंचवटा आला तर लाट मोठी होते. उंचवट्यावर खड्डा आला तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. प्रकाश हीदेखील लाटच. तिच्या दोन उंचवट्यांतले अंतर निळ्या रंगात सुमारे ४५० नॅनोमीटर, तांबड्यात सुमारे ६५०. आता पातळ थरांची चळत करा: एक दाट, एक विरळ, पुन्हा दाट, पुन्हा विरळ. प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परत येतो. थरांची जाडी अशी धरली की एका ठरावीक रंगाच्या परतणाऱ्या साऱ्या लाटा पावलाला पाऊल मिळवून येतील, तर तो रंग जवळजवळ संपूर्ण परत फिरतो. त्याला आत प्रवेशच नाही. बाकीचे रंग निघून जातात. अशा घडणीला प्रकाश-स्फटिक म्हणावे. थरांच्या चळतीचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८७ साली केले होते. तिन्ही दिशांना अशी रचना करून प्रकाशाला कोंडता येईल हा विचार १९८७ साली याब्लोनोविच आणि जॉन या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली. मोराने मात्र कोणासाठी वाट पाहिली नव्हती.

मोराचे हे काम माणसाने सिलिकॉनमध्ये कसे केले ते आता ऐकावे. गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे संयुग. कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापवले की प्राणवायू सुटतो आणि काळपट चमकदार सिलिकॉन उरतो. तो अतिशुद्ध करून, त्याचा एकसंध स्फटिक ओढून, त्याच्या पापडासारख्या चकत्या कापतात. आपल्या खिशातल्या मोबाईलचा मेंदू अशाच चकतीवर कोरलेला असतो. १९५६ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत उह्लिर पतिपत्नी या चकत्यांना विजेच्या साह्याने आम्लात गुळगुळीत करू पाहत होती. गुळगुळीत होण्याऐवजी चकतीवर तपकिरी-काळा थर चढला. काम बिघडले असे वाटले. पुढे कळले की तो थर म्हणजे असंख्य बिळे पडलेले सिलिकॉन होते. तीस-चाळीस वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९० साली इंग्लंडात लेह कॅनहॅम यांनी दाखवले की हे बिळांचे सिलिकॉन विशिष्ट प्रकाशाखाली तांबूस चमकते; मग जगभर धावपळ सुरू झाली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुणे विद्यापीठातही १९९० च्या दशकात या पदार्थावर काम झाले.

याची कृती फार चतुर आहे. चकती आम्लात बुडवायची, विजेचे एक टोक चकतीला, दुसरे प्लॅटिनमच्या तारेला. प्रवाह जोरात सोडला की बिळे रुंद होतात, म्हणजे थर विरळ. प्रवाह मंद केला की बिळे अरुंद, म्हणजे थर दाट. आणि आम्ल खाते ते नेहमी तळाशी; वर तयार झालेले थर तसेच राहतात. तेव्हा विजेचे बटण जोरात-हळू, जोरात-हळू असे ठरल्या वेळाने फिरवत गेले की चकतीच्या पोटात दाट-विरळ थरांची चळत आपोआप उतरत जाते. १९९४ च्या सुमारास अशा चळतीचे आरसे तयार झाले. ना रंग, ना कुंचला. काळ्या चकतीवर हिरवा, तांबडा, निळा, पाहिजे तो रंग. त्यावर मद्यार्काचा थेंब टाकला तर तो बिळांत शिरतो आणि रंग तांबड्याकडे सरकतो. उडून गेला की पहिला रंग परत येतो.

येथे मजूर चळवळीतला माणूस म्हणून मला एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ते आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते अंगावर पडले तर पातळ असल्यास सुरुवातीला दुखतही नाही; आत शिरून हाडापर्यंत जाते, रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते आणि माणूस दगावू शकतो. त्यावर कॅल्शियमचे मलम तत्काळ लावावे लागते. शोधनिबंधात चकतीचा रंग छापला जातो. भांडे कोण धुते ते छापले जात नाही. भांडे धुणाऱ्याला ते मलम कोणत्या कपाटात आहे हे माहीत असले पाहिजे. ही माझी जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांना विनंती आहे.

आता ‘अरेषीय’ या अवघड शब्दाकडे येतो. एक मजूर एका दिवसात एक ब्रास गिट्टी भरतो, दोन मजूर दोन ब्रास भरतात. हा रेषीय हिशेब. जेवढे घालावे तेवढ्याच प्रमाणात मिळावे. साधा प्रकाश पदार्थाशी असाच वागतो. पदार्थातले बारीक विद्युत्कण प्रकाशाच्या लाटेबरोबर झुलतात, लाट दुप्पट तर झोकाही दुप्पट. तांबडा प्रकाश आत गेला तर तांबडाच बाहेर आला.

पण जत्रेतला भोंगा आठवा. गायकाचा आवाज हळू असतो तोवर भोंगा तो जसाच्या तसा देतो. उत्साही कार्यकर्ता बटण शेवटपर्यंत पिळतो, आणि आवाज फाटतो. फाटतो म्हणजे काय होते? भोंग्याचा पडदा त्याच्या मर्यादेबाहेर झुलू शकत नाही, म्हणून झोक्याचा आकार बिघडतो, आणि गायकाने न गायलेले दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर त्यात मिसळतात. नेमके हेच प्रकाशाचे. प्रकाश फार प्रखर झाला की विद्युत्कणांचा झोका बिघडतो, आणि आत न घातलेला रंग बाहेर पडतो. दोन कण तांबड्या प्रकाशाचे जाऊन त्यांच्या जागी दुप्पट ऊर्जेचा एक कण येतो. आणि येथे हिशेब रेषीय राहत नाही: घातलेला प्रकाश दहापट केला तर नवा रंग शंभरपट मिळतो.

असा प्रखर प्रकाश सूर्याचाही नसतो; तो लेझरचा. पहिला लेझर १९६० साली झाला. दुसऱ्याच वर्षी, १९६१ साली, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरचा तांबडा झोत एका स्फटिकातून सोडला. स्फटिक कशाचा होता? गारगोटीचा! झोत ६९४ नॅनोमीटरचा. पलीकडे बरोबर निम्म्या, ३४७ नॅनोमीटरच्या जागी, छायाचित्राच्या पट्टीवर एक अंधुक ठिपका उठला. दहा कोटी कणांमागे एखादाच कण बदलला होता, म्हणून ठिपका अगदी बारीक. पण तो ठिपका म्हणजे एका नव्या शास्त्राचा जन्म होता. निबंध छापावयास गेला. छापखान्याकडे पाठवताना कोणा तपासनिसाला वाटले, चित्रावर घाण पडली आहे. त्याने तो ठिपका पुसून टाकला. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा चित्रातला बाण जेथे बोट दाखवतो तेथे काहीच नाही!

ही हकीकत वाचून शास्त्रज्ञ हसतात. मला मात्र माझ्या सभासदाच्या छातीचा फोटो आठवला. तेथेही ठिपकेच होते, तेथेही पाहणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. माहिती नसलेल्या डोळ्याला पुरावा म्हणजे मळ वाटतो, किंवा नेहमीच्या ओळखीचा रोग वाटतो. ठिपका पुसला जाऊ नये असे वाटत असेल, तर तो काय आहे हे पाहणाऱ्याला आधी शिकवावे लागते.

त्या शोधाचे फळ आपण जत्रेत पाहिलेले आहे. पेनाएवढा हिरवा लेझर मुले विकत घेतात. त्यात आधी डोळ्यांना न दिसणारा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश तयार होतो, आणि आतला स्फटिक त्याचे निम्मे करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा देतो. मुलांच्या डोळ्यांवर तो मारू देऊ नका. डोळ्याचा पडदा जळतो.

मग सिलिकॉन हे काम करील काय? सिलिकॉन मूळचा हट्टी. त्याचा स्फटिक सर्व बाजूंनी इतका समतोल असतो की विद्युत्कण उजवीकडे जितका ओढला जाईल तितकाच डावीकडे. झोका बिघडला तरी दोन्हीकडे सारखाच बिघडतो, आणि त्यामुळे दुप्पट कंपनांचा प्रकाश एकमेकांना खाऊन शून्य होतो. तिप्पट कंपनांचा तेवढा होऊ शकतो. बंडीला दोन बैल दोन दिशांनी जुंपावेत आणि बंडी जागची हलू नये, तसा हा प्रकार. गारगोटीच्या स्फटिकात असा समतोल नाही, म्हणून फ्रँकेन यांना तो ठिपका मिळाला.

परंतु समतोल मोडतो तो पृष्ठभागावर. आतल्या अणूला चहूकडे शेजारी असतात. काठावरच्या अणूला एका बाजूला शेजारी आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. आणि सच्छिद्र सिलिकॉनमध्ये काठच काठ! साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या तुकड्यात आतल्या बिळांचा पृष्ठभाग पसरला तर कित्येक शे चौरस मीटर भरतो; म्हणजे कुहीच्या शाळेच्या मैदानाचा बराच भाग त्या एका खड्यात.

दुसरी मदत थरांची. थरांच्या चळतीला दोन आरशांप्रमाणे करून मध्ये एक जाड थर ठेवला, तर ठरावीक रंगाचा प्रकाश आत अडकून येरझाऱ्या घालतो आणि एकवटत जातो. परत फिरवण्याच्या रंगाच्या अगदी काठावरचा प्रकाश थरांतून रखडत, हळूहळू जातो. रखडला म्हणजे गर्दी झाली, गर्दी झाली म्हणजे प्रखरता वाढली. आणि आपण पाहिलेच की प्रखरता दहापट तर नवा रंग शंभरपट. तिसरी गोष्ट पावलांची. लेझीमच्या फडात सगळ्यांची पावले एकदम पडली तर जमीन दणाणते. प्रत्येकाने आपापल्या तालावर नाचले तर नुसता गलका. जुन्या रंगाच्या आणि नव्या रंगाच्या लाटांचा वेग पदार्थात सारखा नसतो, म्हणून त्यांची पावले चुकतात. थरांची जाडी हुशारीने धरली तर ही चूक दुरुस्त होते. थोडक्यात, लेझरला लेझीम शिकवावी लागते.

मॉस्को विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००१-०२ च्या सुमारास सच्छिद्र सिलिकॉनच्या अशा चळती करून दाखवले की दुप्पट आणि तिप्पट कंपनांचा प्रकाश, योग्य कोन आणि योग्य रंग साधला तर, शंभर पटींच्या घरात वाढतो. हट्टी सिलिकॉन वळला, तो बाहेरून काही न मिसळता, केवळ त्याची अंतर्गत रचना बदलून. आणि २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिलिकॉनमधून रामन यांच्याच परिणामाच्या आधारे लेझर चालवला गेला. नागपूरच्या हिशेबखात्यातल्या त्या तरुण अधिकाऱ्याचे नाव असे सिलिकॉनच्या पोटात जाऊन बसले.

आपण विचाराल, याचा उपयोग काय? एक म्हणजे प्रकाशाने प्रकाशाला आवरणे. आज दूरध्वनीचे आणि इंटरनेटचे निरोप काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने येतात, पण फाटे फोडताना पुष्कळदा त्यांचे पुन्हा विजेत रूपांतर करावे लागते. प्रखर प्रकाशाने सच्छिद्र सिलिकॉनच्या आरशाचा रंग क्षणाच्या अब्जावधीव्या भागापुरता सरकवता येतो. म्हणजे एका झोताने दुसऱ्या झोताचे दार उघडावे अथवा लावावे. हे काम बहुतांशी प्रयोगशाळेतले आहे, आणि त्याची मी जाहिरात करणार नाही.

दुसरा उपयोग मात्र आमच्या माणसांचा आहे. मघा मद्यार्काच्या थेंबाने रंग सरकतो असे म्हणालो. रासायनिक कारखान्यात विषारी वाफांपासून वाचण्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा घालतात. गाळणी भरली की ती विष थांबवत नाही, आणि ती केव्हा भरली हे मजुराला कळत नाही. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी तेथल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेबरोबर असे सच्छिद्र सिलिकॉनचे कण गाळणीत बसवण्याचे प्रयोग केले: वाफ तेथवर पोचली की रंग बदलतो, म्हणजे मुखवटा बदला. यात लेझरचा दुप्पट रंगही नको. मोराच्या पिसाचेच तत्त्व पुरते. हे मी वाचले तेव्हा माझा जुना राग निम्मा उतरला. गारगोटी छातीत जाऊन मारते, आणि तीच शुद्ध होऊन नाकासमोर पहारा करू शकते.

पण येथे आपली फसगत होऊ देऊ नका. हा कण वाफ ओळखतो. क्रशरची धूळ नव्हे. धुळीचे औषध फार जुने आणि फार स्वस्त आहे, ते म्हणजे पाणी. गोटा ओला करून फोडा, जबड्यावर फवारा ठेवा, वाहत्या पट्ट्यावर झाकण घाला, धूळ ओढून घेणारा पंखा लावा, आणि माणसांच्या छातीचे फोटो दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. यासाठी लेझर लागत नाही.

आणि आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कोणत्याही सभेत सांगितली नाही. त्या सभासदाच्या क्रशरवर, तो आजारी पडण्याच्या आधी काही वर्षे, मीच बोलणी केली होती. मागण्या पाच होत्या. चौथी पाण्याच्या फवाऱ्याची होती. एका म्हाताऱ्या मजुराने हट्टाने ती लिहायला लावली होती. मालक रोजी वाढवण्यास राजी झाला आणि म्हणाला, बाकीचे पुढे पाहू. मी सही केली. रोजी वाढली, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतले. चौथी मागणी पुढे कोणी पाहिली नाही, मीही नाही. मालकाचा दोष आहेच. पण माझ्या हातात लेखणी होती, आणि फवारा म्हणजे काय हे मला कळत नव्हते. कळत असते तर ती मागणी मी शेवटी सोडली असती, आधी नव्हे. मला तो ठिपका मळ वाटला, आणि मी पुसून टाकला.

तेव्हापासून माझा नेम आहे: ज्या पदार्थाशी माझी माणसे काम करतात, तो पदार्थ मी वाचून काढतो. बिडीच्या कारखान्यात गेलो तर तंबाखू, भट्टीवर गेलो तर राख, कापसाच्या जिनात गेलो तर कापसाची धूळ. वाचता वाचता कधी मोराच्या पिसापर्यंत पोचतो, कधी मॉस्कोपर्यंत. ते वाया जात नाही. दुप्पट रंगाचे गणित येत नसले तरी चालेल. परंतु ठिपका दिसला तर तो कशाचा आहे असे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक खदानीवर, प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक घरात असला पाहिजे.

त्या बाईकडे मी पुढे गेलो आणि तिच्या नवऱ्याच्या छातीत काय होते ते सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे गोटाच होता.” मी म्हटले, होय, गोटाच. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आता माह्या पोराले तिथं पाठवत नाही.” तिचा मुलगा आज दुसरे काम करतो. माझ्या सगळ्या वाचनातून निघालेले पक्के फळ मला विचाराल तर ते हे एक आहे. आणखी निघावीत म्हणून आज आपणासमोर उभा राहिलो.

घरी जाताना वाटेत एखादी गारगोटी दिसली तर उचलून पाहा. दुसऱ्या गारगोटीवर अंधारात घासली तर तिच्यातून उजेड निघतो, हे लहानपणी आपण सगळ्यांनी केले आहे. पण घासताना तोंड जरा बाजूला ठेवा.